स्वतःला घरीच इंजेक्शन घेणारे कोणी आहे का इथे? नागपूरचा उन्हाळा, फ्रिज, सुया, सगळंच विचारायचंय

मोगरा_२
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मला आमवात आहे, र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी बोटं सुजलेली, कुकरचं झाकणसुद्धा लागत नाही अशी गत असते. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या चालू होत्या पण डोस वाढवला तशी मळमळ एवढी वाढली की डबीकडे बघितलं तरी पोटात ढवळायचं, म्हणून धंतोलीच्या डॉक्टरांनी तेच औषध आता इंजेक्शनने सुरू केलंय, आठवड्यातून एकदा, कातडीखाली, तयार भरलेली सिरिंज येते. सध्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले कंपाउंडर टोचून देतात पण त्यांचा काही नेम नाही, लग्नसराई लागली की दवाखान्याला कुलूप. डॉक्टर म्हणतात हे लांबचं काम आहे, स्वतः शिकून घ्या, त्यात काही नाही. सासूबाई म्हणतात सुई टोचणं डॉक्टरचं काम, आपण कशाला हात घालायचा. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे तू म्हणशील तसं, म्हणजे तो टोचणार नाही हे नक्की.

तर ज्यांना रोजचं किंवा आठवड्याचं इंजेक्शन आहे, मग ते कशाचंही असो, त्यांनी सांगा की हे जमतं कसं. आणि मे महिन्यात नागपुरात ही औषधं ठेवायची कुठे? आणि त्या सुयांचं काय करता?

मानेवाडा_एक्सप्रेस
या ताई, बसा आमच्या पंगतीत. मला टाइप १ डायबेटिस आहे, शाळेपासून इन्सुलिन, दिवसातून चार वेळा. तुम्हाला आठवड्यातून एकदा म्हणजे आमच्या हिशेबाने सुट्टीच आहे. 😄

एकच गोष्ट सांगतो. सुई हातात धरून विचार करत बसू नका. जागा पुसली, वाळली, चिमूट धरली की टोचायचं. जितका वेळ बघत बसाल तितकी ती सुई लांब होत जाते. पोटावर घेणार असाल तर बेंबीपासून दोन-तीन बोटं लांब, मांडीवर घेणार असाल तर पुढच्या-बाहेरच्या बाजूला. आणि बसून घ्या, उभ्याने नको. पोट सैल सोडा. घट्ट आवळलेल्या पोटात जास्त दुखतं.

सिस्टर_मावशी
मोगरा बेटा, मी मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, वॉर्डात होती, आता रिटायर होऊन घरी नातवंडं सांभाळून राहिली. तुझ्या सासूबाईंना सांग की मावशी म्हणते, हे डॉक्टरचं काम नाही, हे तुझं काम आहे. ज्या म्हाताऱ्या बायांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांनाही आम्ही इन्सुलिन भरून टोचायला शिकवलं न, आणि त्या शिकल्या.

आता नीट ऐक. हात साबणाने धू. सिरिंजवर नाव, डोस आणि तारीख वाच, दर वेळेस वाच, सवय झाली तरी वाच. औषध गढूळ दिसलं का त्यात कण दिसले तर वापरायचं नाही. स्पिरिटचा बोळा फिरवला की जागा वाळू दे, ओल्यात टोचलं की झोंबते आणि मग लोक म्हणतात इंजेक्शन दुखते. चिमूट धर, सुई एका झटक्यात आत, मग औषध सावकाश ढकल. झटका सुईला, सावकाशी औषधाला. लोक नेमकं उलटं करतात. बाहेर काढल्यावर कापूस नुसता टेकव, चोळायचं नाही. दर वेळेस जागा बदल, या आठवड्यात उजवी मांडी तर पुढच्या आठवड्यात डावी. कोन किती ठेवायचा ते तुझ्या डॉक्टरने नाहीतर तिथल्या सिस्टरने एकदा समोर बसवून दाखवायला पाहिजे, ते मी इथे टाईप करून सांगणार नाही. पहिलं इंजेक्शन त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने घे, मग घरी.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच. वार ठरव, कालनिर्णयवर त्या वाराला गोल कर आणि झालं की फुली मार. हे औषध चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात, माणसं जिवानिशी जातात. घरात औषधाचे डबे भरून देणारं दुसरं कोणी असेल तर त्यालाही हे पाठ करून ठेवायला लाव. घरात कोणी गरोदर असेल किंवा राहायचा विचार असेल तर तिने त्या सिरिंजला हात लावायचा नाही. सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि लिव्हरच्या टेस्ट डॉक्टर सांगतील तेव्हा करत राह्यच्या, बरं वाटून राहिलं म्हणून टाळायच्या नाहीत.

मोगरा_२
मावशी 🙏 "झटका सुईला, सावकाशी औषधाला" फ्रिजवर चिकटवते. एक बावळट प्रश्न, सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसतो तो राहिला तर? सिनेमात हवेचं इंजेक्शन देऊन माणूस मारतात ते डोक्यातून जात नाही.

सिस्टर_मावशी
सिनेमात शिरेत देतात, तू चरबीत देऊन राहिली. कातडीखाली बारीक बुडबुडा गेला तर काही होत नाही, फार तर तेवढं औषध कमी जाते. आणि काही तयार सिरिंजमध्ये तो बुडबुडा मुद्दाम ठेवलेला राह्यते, तो काढायचाच नसतो. तुझ्या खोक्यातल्या कागदावर काय लिहिलं ते वाच.

ऑरेंज_बर्फी
माझी केस थोडी वेगळी. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात, दर दोन आठवड्यांनी अडालिमुमॅबचं इंजेक्शन, ते पेनमध्ये येतं (सुई आत लपलेली, दाबलं की टोचते). मिहानला नोकरी, दिवसभर खुर्ची, त्यात पाठ धरते, जाऊ द्या.

पेनवाल्यांसाठी, फ्रिजमधून काढलं की लगेच घेऊ नका, अर्धा तास टेबलावर राहू द्या, थंडगार औषध आत जाताना जळतं. पण गरम पाण्यात धरणे, उन्हात ठेवणे असले जुगाड नको. पेन ९० अंशात टेकवायचं, दाबायचं, पहिला टक आवाज आला की अर्धे लोक उचलतात आणि औषध पोटावर ओघळतं. खिडकीतला रंग पूर्ण बदलेपर्यंत धरून ठेवायचं. आणखी एक, काही ब्रँडच्या औषधात सायट्रेट असतं त्याने जास्त झोंबतं, बिनसायट्रेटचंही मिळतं. फार त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून बघा, मी बदलून घेतलं आणि जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भारतात या औषधाची देशी बायोसिमिलर (मूळ औषधासारखी बनवलेली) आवृत्ती २०१४ च्या शेवटी आली म्हणून आमच्यासारख्यांना निदान विचार तरी करता येतो, तरी खिशाला चटका आहेच. सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची टेस्ट झाली का हे नक्की बघा, आपल्याकडे टीबी दबून बसलेला असतो आणि हे औषध त्याला मोकळं सोडतं. ताप, खोकला, कुठे पू झाला असेल तर डोस घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन.

सासूबाईंचं म्हणाल तर आमच्या आईचंही तेच होतं. आता तीच शेजारणीला सांगते, आमच्या पोराला येते स्वतः टोचता.

नंदनवनचे_काका
मी ६८ वर्षांचा, इन्सुलिनवर आहे. सगळे फ्रिज फ्रिज करून राहिले, आमच्याकडे मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर उडाला की संध्याकाळपर्यंत लाईट नाही, मग काय करता? आम्ही माठ वापरतो. एक लहान माठ, त्यात पाणी नाही, तो मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवायचा, मधल्या जागेत रेती भरायची आणि रेती ओली ठेवायची, वरून ओलं फडकं. आत इन्सुलिन प्लास्टिकच्या डबीत घट्ट झाकण लावून, नाहीतर ओल लागून लेबल निघून जाते. बाहेर ४५ असलं तरी आत हात घातला की गार लागते.

पुण्यात_वैदर्भी
काका भारी. पण इकडे पुण्यात जुलैमध्ये करून बघितलं, काही गार होत नाही हो.

मानेवाडा_एक्सप्रेस
होणारच नाही. कूलरचं जे गणित तेच याचं. हवा कोरडी असली की पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आपला डेझर्ट कूलर मे मध्ये हिमाचल करतो आणि पाऊस लागला की नुसता दमट वारा फेकतो. प्रवासासाठी मिळतात त्या इन्सुलिनच्या गारव्याच्या पिशव्या पण त्याच तत्त्वावर, आत दाणे असतात, पाण्यात बुडवले की फुगून जेल होतं आणि ते हळूहळू वाळताना गारवा देतं. मी अमरावतीला एसटीने जातो तेव्हा हीच असते. फक्त ती पिशवी बॅगच्या तळाशी कपड्यात कोंबायची नाही, तिला वारा लागला पाहिजे. नवतपाच्या कडक उन्हात दुपारी बाहेर असलो तरी आतलं औषध बरं असतं.

उन्हाळ्यात इन्सुलिनवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा. ऊन, गरम पाण्याची अंघोळ, टोचलेल्या जागी शेक, याने इन्सुलिन पटकन रक्तात जातं. दुपारी उन्हातून फिरून आल्यावर घाम आणि थरथर आली तर "ऊन लागलं" म्हणून कांदा हुंगत बसू नका, आधी शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासा. मीटर जवळ नसेल तर सरळ साखर घ्या, तपासायचं नंतर.

सिस्टर_मावशी
मानेवाडा बेटा एकदम बरोबर. फ्रिजबद्दल सांगते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत. जुन्या एकदारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली जो ट्रे राह्यते त्यात औषध ठेवू नका, रात्री ते गोठते. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचं, दिसायला चांगलं दिसते पण कामाचं राह्यत नाही. मागच्या भिंतीला चिकटूनही नको. उघडलेली बाटली किंवा पेन साधारण ४ आठवडे चालते, खोक्यावर लिहिलेलं राह्यते, उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहा. आणि ती बाटली फ्रिजच्या डोक्यावर ठेवायची पद्धत आहे न घरोघरी, ती बंद करा, तिथे सगळ्यात जास्त गरम राह्यते.

मोगरा, तुझं मेथोट्रेक्सेट फ्रिजचं औषध नाही बहुतेक, पण २५ डिग्रीच्या खाली आणि उजेडापासून दूर असं लिहिलेलं राह्यते. खोकं बघ आणि दुकानदाराला नाही, डॉक्टरला विचार.

ऑरेंज_बर्फी
एप्रिल ते जून आमच्या घरात २५ डिग्री फक्त फ्रिजमध्येच असते मावशी 😂

पण खरंच, उन्हाळ्यात तीन-तीन महिन्यांचा साठा घरी आणू नका. लागेल तेवढंच आणा, मधल्या खोलीत खालच्या फळीवर ठेवा. आणि घेतानाच बघा की दुकानदाराने ते कशातून काढलं. गंजीपेठेच्या दवा बाजारातून आणता तर सोबत थर्माकोलचा डबा आणि आइसपॅक घेऊन जा, आइसपॅक आणि औषध यांच्यामध्ये जाड कापड, थेट टेकवायचं नाही. एका दुकानात मला काउंटरवर बाहेर ठेवलेलं पेन द्यायला लागले, म्हणे आत्ताच काढलं. हात लावला तर कोमट. मी घेतलं नाही. वाद घालायला संकोच वाटतो पण एवढ्या पैशाची वस्तू आहे, घालायचा. पार्क केलेल्या कारमध्ये तर पाच मिनिटंसुद्धा नको.

अनामिका०७
मी गरोदर आहे, सहावा महिना झालाय, रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू आहे, एनोक्सापॅरिन, रोज पोटावर. आधी दोनदा गर्भ राहिला नाही, मग तपासणीत अँटीफॉस्फोलिपिड (रक्तात गुठळ्या होण्याचा आजार) निघालं. डिलिव्हरीपर्यंत आणि नंतरही काही आठवडे चालणार म्हणतात.

टोचण्याची भीती पहिल्या आठवड्यातच गेली, पण पोटावर जे निळे-जांभळे डाग पडतात त्यांची सवय व्हायला वेळ लागला. आमच्या नवऱ्याने हौसेने म्हटलं मी देतो, सुई आत गेलेली बघितली आणि तोच पलंगावर आडवा. त्यामुळे ते खातं माझ्याकडे. परवा डोहाळजेवणाला साडी नेसवताना मावसजावेने पोट बघितलं आणि एकदम गप्पच झाली, मग मोठ्याने, अगं हे काय, कोणी मारलं का तुला? सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मी म्हटलं बाळासाठीचं औषध आहे. मग आजेसासूने जवळ बोलावून एकेका डागावरून बोट फिरवलं आणि हिरव्या बांगड्या भरताना कासाराला म्हणाल्या, हिला दोन जास्त भर.

ज्यांना हे चालू आहे त्यांच्यासाठी: यातल्या तयार सिरिंजमधला बुडबुडा काढायचा नाही असं मला हॉस्पिटलात बजावून सांगितलं होतं, मावशींनी वर लिहिलंच आहे. चोळायचं अजिबात नाही, चोळलं की डाग दुप्पट. पोटाची चिमूट औषध पूर्ण जाईपर्यंत सोडायची नाही. रोज एकाच वेळी, माझी रात्री नऊची मालिका लागली की घरातलं कोणीतरी ओरडतं, इंजेक्शन!

सिस्टर_मावशी
अनामिका, देवाच्या कृपेने सगळं चांगलं होईल बाप्पा. कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर पुढचा डोस घ्यायच्या आधी हॉस्पिटलला फोन, आणि गेल्या गेल्या शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं ते सांगायचं, पाठीत भूल द्यायची का नाही ते त्यावर ठरते. ती वेळ रोज लिहून ठेव. आणि नवऱ्याला सांग, सुई बघून चक्कर येणारे लोक घाबरट नसतात, त्यांचं ब्लड प्रेशर खरंच खाली जाते. अशा माणसाने बसून नाहीतर पडून राहावं आणि मांड्या, पोट, हाताच्या मुठी घट्ट आवळायच्या, चेहरा गरम वाटला की सोडायच्या, परत आवळायच्या. त्याने प्रेशर टिकते. फक्त ज्या जागी टोचायचं ती सैल ठेवायची.

निसर्ग_हाच_डॉक्टर
हे सगळं वाचून वाईट वाटतं. लोक स्वतःच्या शरीरात विष टोचून घेत आहेत. संधिवात, शुगर सर्व मुळापासून बरं होतं, माझ्याकडे काढा आहे, इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मानेवाडा_एक्सप्रेस
निसर्ग काका, टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद केलं तर माणूस काही दिवसांत कोमात जातो. १९२२ मध्ये पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन दिलं गेलं, त्याच्या आधी हा आजार झालेली पोरं उपाशी राहून महिने मोजत होती. तुमच्या काढ्याने यातलं काय बदलतं ते इथेच सगळ्यांसमोर लिहा, व्यनि कशाला?

व्यवस्थापक
वरच्या प्रतिसादातली जाहिरात थांबवली आहे. चालू औषध बंद करा असे सल्ले या विभागात चालणार नाहीत. धागा चालू द्या.

जरीपटका_मम्मी
मी सिंधी आहे पण शाळा मराठीतली, चुका माफ करा. माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि त्या रक्तातलं लोह अंगात साठत जातं, हृदयात, लिव्हरमध्ये. ते काढायला त्याला लहानपणी डेसफेरॉलचं औषध होतं. तुमचं सर्वांचं इंजेक्शन दहा सेकंदाचं, आमचं रात्रभराचं.

डेसफेरॉलची पावडर असते बाटलीत, त्यात इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी घालून विरघळवायची, हलवायची नाही, फेस होतो, हातात धरून गोल गोल फिरवायची. मग ती मोठ्या सिरिंजमध्ये भरून सिरिंज एका छोट्या बॅटरीच्या पंपात बसवायची, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला बटरफ्लाय सुई. ती पोटाच्या कातडीखाली घालून वरून टेप. पंप आठ-दहा तास थेंब थेंब ढकलत राहतो. आठवड्यात पाच रात्री. पंपाचा आवाज बारीक असतो, घुर्र, थांब, घुर्र. तो आवाज मध्येच बंद झाला तर मी झोपेतून उठून बसायचे. कूस बदलताना नळी दबायची. सकाळी त्या जागी लाल चट्टा आणि गाठ, दुसऱ्या रात्री दुसरी जागा शोधायची, एवढंसं पोट, जागा किती असणार.

चौथीत असताना एका रात्री मी सुई घेऊन आले तर म्हणाला, मम्मी तू घाबरून हळूहळू घालतेस, म्हणून दुखतं, दे इकडे. आणि स्वतः घातली. मी दाराच्या बाहेर जाऊन उभी राहिले. त्याच्यानंतर मला कधी हात लावू दिला नाही. मित्र झोपायला आले तर त्यांना पंप दाखवायचा आणि म्हणायचा, माझी बॅटरी चार्ज होतेय.

पुढे गोळी आली, पाण्यात विरघळवून प्यायची, पंप सुटला. आता तो इंजिनिअरिंगला आहे. पंप मी अजून टाकला नाही, कोणाला लागला तर म्हणून कपाटात ठेवला होता, मग एका मुलीसाठी दिला. तेव्हा मोगराताई, मुलं करतात, तुम्ही तर कराच. आणि लग्नाआधी दोघांची एचबीए२ टेस्ट (थॅलेसेमियाचे वाहक ओळखायची रक्ततपासणी) करा हे मी जिथे जाते तिथे सांगते, आमच्या समाजात हा आजार खूप, आणि इकडे विदर्भात सिकलसेल खूप. दोघंही वाहक निघाले तर दर बाळंतपणात चारातल्या एका बाळाची जोखीम असते.

मोगरा_२
जरीपटका ताई, दोनदा वाचलं. पंप दिला त्या मुलीचं कसं चाललंय?

जरीपटका_मम्मी
छान. तिलाही आता गोळी आहे. पंप परत आला माझ्याकडे 😊

ऑरेंज_बर्फी
सुयांचा प्रश्न राहिला. बाकीचे काय करता? सुया नुसत्या गुंडाळून ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकणारे बरेच जण पाहिलेत, म्हणून विचारतोय.

सिस्टर_मावशी
हा विषय काढला ते फार बरं केलं. वॉर्डात आमच्याकडे सुयांसाठी वेगळा, सुई आरपार न जाणारा पांढरा डबा राह्यते, त्याचे सरकारी नियम आहेत. घरच्या सुया २०१६ च्या घनकचरा नियमात घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, म्हणजे जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाईट, एक्सपायर औषधं यांच्या रांगेत. ओल्यातही नाही, सुक्यातही नाही. पण कचरागाडीवरचा पोरगा आपल्या पिशवीत हात घालून वेगळं करते न, त्याच्या हाताला मोजे असतील तर नशीब. आणि तिथून पुढे भांडेवाडीच्या कचरा डेपोत बाया-पोरं त्याच ढिगातून भंगार वेचतात. एक सुई टोचली की त्या माणसाला महिनोनमहिने काविळीच्या आणि एचआयव्हीच्या टेस्ट करत फिरा, ते पण त्याला कोणी सांगितलं तर.

जाड प्लास्टिकची बाटली घ्या, फिनाईलची किंवा कपड्याच्या लिक्विडची. पाण्याची बाटली नको, तिच्यातून सुई आरपार येते. सुई वापरली की सरळ आत. बाटली पाऊण भरली की झाकणाला टेप, वर मार्करने मोठ्या अक्षरात "वापरलेल्या सुया" लिहा. पोरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी.

मानेवाडा_एक्सप्रेस
आणि ती भरलेली बाटली द्यायची कुठे हा खरा लोचा आहे. माझ्या डायबेटिसच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये घेतात, त्यांच्याकडे बायोमेडिकलची गाडी येतेच. पण मी आधी जिथे राहायचो तिथल्या लॅबने चक्क तोंडावर नाही म्हटलं, म्हणे बाहेरचं घेत नाही. दोन-चार ठिकाणी विचारावं लागतं. जिथे उपचार घेता तिथेच सुरुवात करा, तुम्हाला सुई लिहून देणाऱ्याने ती परत घ्यावी एवढी अपेक्षा चुकीची नाही.

पुन्हा वापरण्याबद्दल पण बोलू. एक सुई दहा-बारा रुपयाला, चार वेळा टोचायचं, महिन्याचा हिशेब लागतो, त्यामुळे लोक एकच सुई आठवडाभर चालवतात. समजू शकतो. पण टोक वाकतं, दुखतं, कातडीखाली गाठी होतात. आणि सुई पेनला तशीच लावून ठेवली की हवा आत शिरते, औषध गळतं. गाठींचं वाईट असं की तिथे दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो, आणि गाठीतून इन्सुलिन कधी कमी जातं कधी जास्त, शुगर वेड्यासारखी वरखाली. मग कोणी सांगतं जागा बदला, आणि चांगल्या जागी तोच डोस घेतला की धाडकन शुगर खाली. गाठ सोडताना डॉक्टरांना विचारून डोस बघून घ्या.

नंदनवनचे_काका
बरं झालं सगळे इथे आहात. माझ्या पेनची कार्ट्रिज दुकानात मिळून नाही राहिली, डॉक्टरांनी तेच इन्सुलिन बाटलीत लिहून दिलं. सिरिंज घरात होत्या जुन्या, केशरी टोपीच्या. डोस २० चा आहे. २० च्या रेघेपर्यंत भरू न?

सिस्टर_मावशी
काका थांबा!! भरू नका. बाटलीवर ४० आययू पर एमएल लिहिलं का १०० ते आधी वाचा.

नंदनवनचे_काका
चष्मा लावून पाहिलं. ४०.

सिस्टर_मावशी
मग लाल टोपीची सिरिंज आणा, त्यावरही ४० लिहिलेलं राह्यते. केशरी टोपी १०० वाल्या इन्सुलिनची. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर जातात फक्त ८ युनिट, शुगर चढत जाईल आणि तुम्हाला कळणार नाही काऊन. आणि याच्या उलटं झालं, १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर २० च्या जागी ५० युनिट जातात, मग माणूस झोपेतच जाते. केशरी सिरिंज घरातून बाहेरच काढा, ४० ची बाटली आहे तोवर त्या घरात नकोत. इन्सुलिन दुधाळ आहे का पाण्यासारखं?

नंदनवनचे_काका
दुधाळ. ३०/७० चं मिक्स.

सिस्टर_मावशी
मग भरायच्या आधी तळहातांमध्ये दहा वेळा घोळवा आणि दहा वेळा उलटसुलट करा. खडखडा हलवायचं नाही. जेवायच्या अर्धा तास आधी.

नंदनवनचे_काका
मुलाला दुकानात धाडलं. लाल टोपी. धन्यवाद सिस्टर, तुम्हाला काय सांगू.

पुण्यात_वैदर्भी
या एका प्रतिसादासाठी धागा वाचनखुणांत साठवला. व्यवस्थापक, लाल-केशरी टोपीचं हे वर चिकटवून ठेवता येईल का?

व्यवस्थापक
चिकटवलं.

मोगरा_२
अपडेट देते. डॉक्टरांकडच्या सिस्टरसमोर पहिलं घेतलं, आणि काल घरी एकटीने. टोचण्यात खरंच काही नाही. भीती होती तिथे काही निघालं नाही, आणि जे कोणी सांगितलं नव्हतं ते निघालं: सुईची टोपी! माझी बोटं सुजलेली, ती चिमटीत धरून सरळ ओढायची, वाकडी ओढली तर सुई वाकते, आणि जोर लागत नाही. आमवाताचं औषध बनवणाऱ्यांनी हे आमवाताच्या बोटांनी एकदा उघडून बघावं. सकाळी तर शक्यच नव्हतं. आता संध्याकाळी घेते, तोवर बोटं मोकळी झालेली असतात, आधी कोमट पाण्यात हात बुडवून ठेवते आणि टोपी रबरी हातमोज्याच्या तुकड्यात धरून ओढते. शुक्रवार संध्याकाळ ठरवली आहे कारण दुसऱ्या दिवशी गळून जायला होतं, शनिवारी सुट्टी असते. मळमळ गोळीच्या मानाने बरीच कमी आहे, फोलिक अॅसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी घेते.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, एवढंच? मग उगीच त्या कंपाउंडरला इतके पैसे देत होतो.

बाटली फिनाईलची धुऊन ठेवली आहे. त्रिमूर्तीनगर, खामला भागात भरलेली बाटली घेणारं क्लिनिक किंवा लॅब कोणाला माहीत आहे का? नाव इथे नको, व्यनि करा.

ऑरेंज_बर्फी
ताई, टोपी ओढण्यापेक्षा पेन बघा, मेथोट्रेक्सेटचंही पेन मिळतं, टोपी मोठी असते, पकडायला बरी. किमतीत फरक आहे, विचारून घ्या. क्लिनिकचं व्यनि केलंय.

अनामिका०७
मोगराताई मस्तच! मी पुढच्या आठवड्यात माहेरी वर्ध्याला चाललेय, गाडीला एसी आहे पण स्टेशनवर उन्हात थांबावं लागेल. माझ्या इंजेक्शनला फ्रिज लागत नाही, २५ च्या खाली असं लिहिलंय. मानेवाडा दादा, ती गारव्याची पिशवी किती वेळ भिजवायची?

मानेवाडा_एक्सप्रेस
पाच-दहा मिनिटं साध्या पाण्यात, दाणे फुगले की काढायची, बाहेरचं पाणी टिपून घ्यायचं. खूप वेळ ठेवली तर एवढी फुगते की सिरिंज आत जातच नाही. सिरिंज आधी तिच्या खोक्यात नाहीतर झिप पिशवीत, मग आत. फ्रिजरमध्ये पिशवी टाकायची नाही. घरी गेल्यावर जेल दबलेलं वाटलं की परत भिजवायची.